उलट्या हवेचा उन्हाळा

कूलरमध्ये नवं गवत भरलं की सुरुवातीचे काही दिवस घरभर ओल्या लाकडाचा वास येतो. वर्ध्यात उन्हाळा कॅलेंडर बघून येत नाही, या वासानं येतो. आधी रस्त्याकडेला गवताच्या टट्ट्या विकणारे बसतात, मग लोक माळ्यावरून कूलर उतरवतात, त्यातल्या मेलेल्या पाली आणि मागच्या वर्षीची वर्तमानपत्रं बाहेर काढतात, पंख्याला एक टपली देऊन तो फिरतो का बघतात. आणि त्याच आठवड्यात आमच्या तंत्रनिकेतनाच्या फाटकावर परीक्षेचं वेळापत्रक लागतं.

आमच्याकडे परीक्षा आणि कूलर यांचं जुनं वैर आहे. कूलर चालू असला तर पर्यवेक्षकाच्या सूचना ऐकू येत नाहीत, आणि बंद केला तर मुलं उत्तरपत्रिकेवर घाम गाळतात. मुलं एसटीनं येतात, तोंडाला दुपट्टे गुंडाळून, फक्त डोळे दिसतील अशी. फाटकाशी दुपट्टा सोडला की एकेकाचा चेहरा कळतो. मग खिशातून मोबाइल निघतात, शेवटच्या घटकेचं वाचन मोबाइलवरच होतं. पूर्वी या वेळी मुलांच्या हातात वह्या असायच्या, कोपरे दुमडलेल्या. आता सगळ्यांचे अंगठे काचेवरून वर सरकत असतात.

मला हा हंगाम आवडायचा. खरंच आवडायचा. वाचून वाचून थकलेल्या मुलांमध्ये एक शहाणपण येतं, ती एकमेकांना समजावून सांगतात, भांडतात, झाडाखाली मातीत काडीनं आकृत्या काढतात. आता तो वास आला की माझं मन उडतं, आणि त्याचं कारण एक पुस्तक आहे. पुस्तक वाईट असतं तर विसरून गेले असते. ते चांगलं आहे, हेच दुखणं आहे.

पुस्तक झाडे सरांचं. झाडे सरांनी मला विद्युत शिकवलं, आणि पुढे मी त्याच खात्यात नोकरीला लागले तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायला जागा करून दिली. सर वर्ध्याजवळच्या आंजी गावचे, मोठ्या आंजीचे. घरचा भाजीपाला; वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक. सकाळच्या बसनं येताना कधी कधी त्यांच्या पायाशी वांग्याची थैली असायची, ती बाजारात कोणाकडे देऊन मग ते वर्गावर यायचे. त्यांच्या शर्टाला सांबाराचा वास यायचा आणि त्या वासात ते आम्हाला चुंबकीय क्षेत्र समजावायचे.

तेव्हा पुस्तकं सगळी इंग्रजी. ग्रंथालयात एकच जाडजूड परदेशी पुस्तक होतं आणि ते कुलपात असायचं, जणू त्यातला करंट बाहेर सांडेल. सरांनी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची अख्खी नक्कल काढून आणली होती, स्प्रिंग लावून. तिच्यावरून ते आम्हाला शिकवायचे. इंग्रजी वाक्य वाचायचे, क्षणभर थांबायचे, मग ते मराठीत सांगायचे. त्या थांबण्यात आमचं सगळं शिक्षण झालं. मी एकदा विचारलं होतं की सर, हे असं अख्खं पुस्तक काढणं चालतं का. सर हसले होते. म्हणाले, "त्या लेखकाले माहीत तरी हाय का वर्धा कुठं हाय ते? त्याचं काय गेलं? तू शिकली, एवढंच झालं."

हे वाक्य मी पुढे पुष्कळदा आठवलं. त्यात तेव्हा मला काही खोट दिसली नाही, आणि अजूनही पूर्ण दिसत नाही. अभ्यासासाठी थोडा भाग काढून घ्यायला कायदाही हरकत घेत नाही म्हणतात. थोडा म्हणजे किती, हे विचारलं की मात्र वकील पाणी मागतात.

निवृत्तीनंतर सरांनी स्वतःच पुस्तक लिहायला घेतलं. मोटरचं वाइंडिंग, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या भरणं, मराठीत. पहिल्या भागात घरातल्या मोटरी, पंखा, कूलर, लहान पंप. दुसऱ्या भागात शेतातल्या, तीन फेजच्या. सरांना खरा लिहायचा होता तो दुसरा भाग. आमच्याकडच्या विहिरींवर ज्या मोटरी जळतात त्या जाळणारी आणि दुरुस्त करणारी, दोन्ही माणसं त्यांना माहीत होती. पण प्रकाशक म्हणाले आधी पहिला काढू, तो चालला की दुसरा. करार मात्र दोन्ही भागांचा एकदमच झाला. सरांनी चष्मा न लावता सही केली, कारण प्रकाशक सज्जन होते. होतेच ते सज्जन.

आकृत्या मी काढल्या. दोन उन्हाळे मी आंजीला जात होते, रविवारी, दुपारच्या बसनं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग, खिडकीतून भट्टीसारखी हवा. सरांच्या ओसरीवर कूलरसमोर बसून मी शाईनं गुंडाळ्या काढायची आणि सर प्रत्येक आकृतीखाली एक ओळ लिहायचे. कूलरच्या मोटरीचे दोन प्रकारचे जोड असतात. एका जोडानं पंखा सुलटा फिरतो, सुरुवातीच्या गुंडाळीची दोन टोकं बदलली की उलटा. आमच्याकडे शेतकरीही असंच बोलतात, मोटर उलटी फिरून राह्यली म्हणतात. सरांनी आकृती चौदाखाली लिहिलं होतं 'सुलटी मोटर' आणि पंधराखाली 'उलटी मोटर'. दोन शब्द, अंगठाछाप माणसालाही कळतील असे.

प्रकाशकांच्या तिथल्या संपादकांना ते दोन शब्द गावंढळ वाटले. त्यांनी तिथे घड्याळाच्या दिशेने आणि घड्याळाच्या विरुद्ध दिशेने असं शुद्ध करून टाकलं, आणि शुद्ध करता करता दोन ओळी एकमेकींच्या जागी गेल्या. चौदाची पंधराखाली, पंधराची चौदाखाली. उलटं ते सुलटं झालं.

हे आम्हाला कळलं पुस्तक हातात आल्यावर. प्रकाशन समारंभ कॉलेजच्याच सभागृहात होता, परीक्षा संपल्याच्या दिवसांत, चार कूलर लावून. सर भाषणात फार बोलले नाहीत. खाली उतरले आणि जी मुलं पुस्तक घ्यायला आली त्यांना सही करून देत बसले. पहिला होता निखिल, वडनेरचा, तेव्हा शेवटच्या वर्षाला. मोटर उघडायला मिळाली की जेवण विसरणारा. त्याच्या प्रतीवर सरांनी लिहिलं, 'चि. निखिल यास, स्वतः शीक, दुसऱ्यालाही शिकव.' खाली सही. निखिलनं ती प्रत दुपट्ट्यात गुंडाळून नेली, ऊन लागू नये म्हणून.

चूक सापडली ती त्यानंतर. प्रकाशकांनी पट्ट्या छापून पाठवल्या, बोटभर रुंदीच्या शुद्धिपत्राच्या पट्ट्या, आणि उरलेल्या प्रतींचे गठ्ठे आंजीला आले. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मैद्याची खळ शिजवून दिली. आम्ही तिघं ओसरीवर बसून पट्ट्या चिकटवत होतो. खळीचा कोमट वास, कूलरचा वास, पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून प्रत्येक पुस्तकावर एकेक वांगं ठेवलेलं. मी आयुष्यात इतकी समाधानी दुपार पुन्हा पाहिली नाही. निखिलसारख्या ज्या मोजक्या मुलांकडे प्रती आधीच गेल्या होत्या त्यांना सरांनी फोन करून चूक सांगितली. निखिलनं पेननं दुरुस्ती केली, असं तो म्हणाला. केलीही असेल. पण त्याआधी त्यानं एक काम करून ठेवलं होतं.

त्यानं पुस्तक पानापानानं मोबाइलवर उतरवून घेतलं होतं आणि त्याची पीडीएफ मित्रांना पाठवली होती. वाईट हेतू कणभर नव्हता. त्याच्या गावातली मुलं आयटीआयला होती, पुस्तक वर्ध्यात एका दुकानात मिळायचं, तिथलं संपलं होतं. आणि पहिल्याच पानावर सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं, दुसऱ्यालाही शिकव. तो शिकवत होता. त्यानं ते इतकं मन लावून केलं होतं की एकही ओळ तिरकी नाही. फक्त मधल्या काही पानांच्या कडेला त्याचा अंगठा आलाय, ग्रीसनं काळा झालेला.

तो अंगठा आता साऱ्या विदर्भात फिरतो. विदर्भातच कशाला, मला एकदा मराठवाड्यातल्या एका मास्तरांनी तीच पीडीएफ कौतुकानं पाठवली होती, 'मॅडम, फार उपयुक्त पुस्तक आहे, जरूर वाचा' असं लिहून. मी माझ्याच आकृत्या त्यांच्याकडून भेट घेतल्या.

पुढच्या उन्हाळ्यात प्रात्यक्षिक परीक्षा होती. मुलांनी कूलरची जळालेली मोटर नव्यानं भरायची, जोड करायचे आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर चालवून दाखवायची. एका गटानं मोटर झकास भरली. कूलर लावला, बटण दाबलं, आणि परीक्षकांच्या तोंडावर हवा येण्याऐवजी खिडकीचा पडदा कूलरला जाऊन चिकटला. खोलीतली हवा कूलर बाहेर फेकत होता. मुलं हसली, परीक्षकही हसले, मीही हसले. मग मी विचारलं जोड कशावरून केले, तर चौघांनी चार मोबाइल पुढे केले. चौदा आणि पंधरा, पट्टीशिवाय.

मी म्हटलं, ही आकृती उलट आहे. त्यातली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "पुस्तकातच असं हाय ना मॅडम. मंग दुरुस्त केलेली पीडीएफ टाका ना ग्रुपवर."

तिनं सहज म्हटलं. त्या दिवसापासून मी त्या वाक्याशी भांडते आहे. कारण उपाय तोच होता. लाखभर मोबाइलांत पसरलेली चूक छापील पट्टीनं पुसता येत नाही. चुकीची पीडीएफ गेली त्याच वाटेनं बरोबर पीडीएफ जायला हवी होती. मी त्याच आठवड्यात आंजीला गेले आणि सरांना सांगितलं.

सरांनी निखिलला बोलावून घेतलं. तो वडनेरहून मोटरसायकलवर आला, भर उन्हात, दुपट्टा सोडला तेव्हा डोळे लाल होते. उन्हानं की कशानं, कोण जाणे. तोपर्यंत त्याचं हिंगणघाटला वाइंडिंगचं छोटं दुकान झालं होतं, तेही याच पुस्तकाच्या भरवशावर. तो आत येऊन जमिनीवरच बसला. सर त्याला रागावले नाहीत, पाणी दिलं. तो म्हणाला त्यानं त्याच्या ग्रुपमधून फाइल काढून टाकली.

"पण सर, ते आता माह्या हातात नाई राह्यलं," तो म्हणाला. "मले वाटलं तुमचं नाव होईन. तुमीच तं लिहून देल्लं होतं."

सरांनी आतून पट्टी चिकटवलेली एक प्रत आणायला सांगितली. ही नीट उतरव, असं ते निखिलला म्हणाले, आणि तो लगेच उठला. पण मध्येच त्यांना काय वाटलं, त्यांनी प्रकाशकांना फोन लावला. विचारून घेऊ म्हणाले. विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं, आणि सरांना तसं वागता आलं नसतं हेही मला माहीत आहे.

प्रकाशकांचं म्हणणं सरळ होतं. पुस्तकाचे हक्क करारानं त्यांच्याकडे आहेत, दोन्ही भागांचे. सरांनी स्वतः पीडीएफ वाटली तर तोही भंगच. दुसरी आवृत्ती काढावी, पट्टीची गरजच राहू नये, दुसरा भागही छापावा, अशी त्यांचीही इच्छा आहे. पण पहिल्या भागाच्या प्रती पडून आहेत. फुकट वाटप थांबलं पाहिजे, आणि ते थांबवायचं तर तक्रार द्यावी लागेल. तक्रारीत नाव लागतं, आणि निखिलचं नाव तर पीडीएफच्या पहिल्याच पानावर सरांच्या अक्षरात आहे. सरांनी फक्त सही करायची.

मला त्या माणसाचा राग यावा असं फार वाटतं, पण येत नाही. मी नंतर त्यांच्या गोदामात गेले होते. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, आत उकाडा. आमच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांना खालून वाळवी लागली होती. त्यांनी एक गठ्ठा उचलून दाखवला तर खालच्या प्रतींचा भुसा सांडला. ते म्हणाले, मॅडम, गावोगावच्या पोरांच्या तोंडात हे पुस्तक आहे आणि माझ्या दुकानात त्याचं गिऱ्हाईक नाही, मी आता काय करू ते तुम्हीच सांगा.

सरांनी सही केली नाही. मी निखिलच्या अंगठ्याला बेड्या घालायला पुस्तक लिहिलं नाही, असं काहीसं ते बोलले आणि तो कागद परत पाठवला. मग पीडीएफ करायचीही राहिली आणि दुसरा भागही राहिला. दुसऱ्या भागाच्या माझ्या आकृत्या अजून आंजीला लोखंडी कपाटात आहेत. कायद्यानं त्या सरांनी कोणाला दाखवायच्या नाहीत, आणि ज्यांना दाखवायचा हक्क आहे ते छापणार नाहीत. चोरून वाटलेलं पुस्तक जगभर मोकळं फिरतं आणि लिहिणारा स्वतःच्या ओसरीवर बांधलेला. मी एकदा चिडून विचारलं की हा करार संपतो तरी कधी. लेखक गेल्यावर साठ वर्षांनी हक्क सगळ्यांना मोकळे होतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं, ते सांगितलं. सर म्हणाले, तोपर्यंत कूलर तरी राहतील का. आणि हसले, पण मला हसू आलं नाही.

एवढं होऊनही ते निखिलची बाजू घेत. झेरॉक्सच्या त्या स्प्रिंगवाल्या प्रतीची मलाच आठवण करून देत. सांबाराची जुडी कोणाला दिली तर आपल्याकडची जाते, पुस्तक दिलं तर आपल्याकडचं कुठं जातं, असं एकदा म्हणाले. काकू तिथेच बसून सांबार निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सांबाराचं काय हो, आज देल्ला तं पुढच्या महिन्यात पुन्हा येते," काकू म्हणाल्या. "तुमचं दुसरं पुस्तक आलं का?"

काकूंनी काड्या सुपात टाकल्या आणि आत निघून गेल्या.

मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर कुठेही पोचले नाही. पुस्तक कुलपात ठेवणारं ग्रंथालय मला आवडलं नव्हतं. ज्या मुलीला वर्ध्याच्या दुकानापर्यंत येणं जमत नाही तिच्या मोबाइलमध्ये माझी आकृती आहे, याचा आनंद मला आहेच. पण फुकट पोचलेल्या पुस्तकाला पुढची आवृत्ती नसते. ते जसं सुटलं तसंच राहतं, चुकीसकट, आणि त्याला हाक मारून परत बोलावता येत नाही. सर मुलांच्या ग्रुपवर स्वतः जाऊन लिहायचे, 'आकृती १४ व १५ ची नावे अदलाबदल झाली आहेत, कृपया दुरुस्त करून घ्यावे.' खाली मुलं हात जोडल्याची चित्रं टाकायची आणि विचारायची, सर भाग दोनची पीडीएफ कधी येणार. तासाभरात सरांची ओळ वर सरकून दिसेनाशी व्हायची. मग सरांनी लिहिणं सोडलं.

यंदाचा उन्हाळा असाच आला, त्याच वासानं. परीक्षा झाल्या आणि नवतपा लागला, वर्षातल्या सगळ्यात भाजून काढणाऱ्या त्या दिवसांत आम्ही पेपर तपासायला केंद्रावर बसलो. बाहेर रस्ता ओस, आत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, टेबलावर ताकाचे ग्लास. एक प्रश्न होता, कूलरची मोटर घड्याळाच्या दिशेने फिरवण्यासाठीचा जोड काढा. पहिल्या पोरानं उलट काढला होता. दुसऱ्यानंही. मी लाल पेन टेकवलं आणि सवयीनं नमुना उत्तर उघडलं. त्यातही उलटच. तीच आकृती, माझ्या हातची, ओळखीची गुंडाळी, खाली संपादकांची शुद्ध ओळ. ज्यांनी प्रश्न काढला त्यांच्याकडेही तीच पीडीएफ होती.

एका उत्तरपत्रिकेत जोड बरोबर होता. कोण पोरगं होतं देव जाणे, कदाचित त्यानं खरोखर मोटर उघडून बघितली असेल. नमुन्याप्रमाणे त्याला शून्य. मी उठून मुख्य परीक्षकांकडे गेले, लेखी हरकत दिली. त्यांनी ऐकून घेतलं, बसा म्हणाले, आधार काय म्हणून विचारलं. मी दुसऱ्या दिवशी माझी प्रत घेऊन गेले. त्यांनी पान उघडलं. खळ वाळून पट्टीची एक कड सुटली होती. त्यांनी नखानं ती कड जराशी उचलली, खालची छापील ओळ वाचली, स्वतःच्या मोबाइलवरची वाचली, आणि सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, अशी पट्टी तं कोणीबी चिकटवू शकते."

नमुना उत्तर कायम राहिलं.

तपासणी आटोपली तशी मी आंजीला गेले. बसमध्ये लोखंडी दांडा धरवत नव्हता. सर ओसरीवर कूलरसमोर बसले होते, आता थोडे वाकले आहेत, कानानं कमी ऐकतात, म्हणून कूलर बंद करून बोलायला लागतं. मी बटण बंद केलं. पंखा फिरत फिरत मंद झाला आणि थांबला. सांगावं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. त्यांनीच विचारलं, दरवर्षी विचारतात तसं, पोरांनी काय काय लिहिलं.

मी सांगितलं की कूलरच्या मोटरीवर प्रश्न आला होता.

"मंग? काय लिहून राह्यले पोरं?"

"तुमच्या पुस्तकातलं, सर. सगळ्यांनी तेच लिहिलं. नमुना उत्तरही तेच आहे."

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, त्या समारंभात होता तसा. "म्हंजे वाचतेत," ते म्हणाले. "गावागावात वाचून राह्यले म्हन."

मी हो म्हटलं. मग त्यांना आठवलं. मला ते आठवताना दिसलं. त्यांनी मांडीवरचे दोन्ही हात उचलले, डावा उजवीकडे नेला, उजवा डावीकडे, आणि माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली.

हात पुढे करून त्यांनी कूलरचं बटण दाबलं, आणि त्या आवाजात मग काहीच ऐकू येण्यासारखं राहिलं नाही.